थोरली म्हैस आणि माझा उजवा हात

साताऱ्याच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हातानं काय काय काम करता?" आणि मी म्हणाले होते, "काही नाही, घरीच असते." शेजारी बसलेल्या मालकांनीही मान डोलावली. मालक म्हणजे माझे यजमान, पल्टणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले. खोटं बोलायचं दोघांच्याही मनात नव्हतं. सकाळ-संध्याकाळ दोन म्हशींच्या धारा काढणं हे काम आहे, हेच आम्हाला सुचलं नाही. काम म्हणजे मालकांनी सरहद्दीवर केलं ते, मुलगा पुण्यात करतो ते. धारा काय, दात घासावेत तशा रोज काढायच्याच. बावीस वर्षं काढत होते.

साताऱ्याजवळ आमचं गाव. थोडा ऊस, घरामागं गोठा, गोठ्यात थोरली आणि धाकटी. धाकटी गरीब, कुणीही बसा, तिला फरक नाही. थोरलीचं तसं नव्हतं. माझा हात लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. दुसरं कुणी चरवी घेऊन बसलं की मागचा पाय आपटायची, दूध चोरायची आणि वर मान वळवून बघायची, की ही कुठं मेली. मला त्याचा गर्व होता, आता कबूल करायला हरकत नाही. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी जमेना, म्हणून सासूबाईंनी गोठ्यात पाठवलं होतं, आणि गोठ्यात मी पास झाले. तेव्हापासून घरात माझी जी काही किंमत होती, ती त्या चरवीतून होती, असं मला वाटायचं.

हाताला मुंग्या यायला लागल्या त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग. करंगळी मात्र शहाणी, तिला काही नाही. पहाटे हात बधिर होऊन जाग यायची, मग उठून झटकत बसायचं. पुढं पुढं बोटांचं कळणंच कमी झालं. तांदळातले खडे बोटाला लागेनात, डोळ्यांनी शोधावे लागायचे. पोलक्याचा हूक आरशात बघून लावायचा. एकदा भरलेली चरवी हातातून सुटली, आणि ती खाली आदळल्याचा आवाज आल्यावर मला समजलं की ती आता माझ्या हातात नाही.

घरचे उपाय सगळे झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, मिठाचं गरम पाणी झालं. मालकांनी पल्टणीतला इलाज काढला. रोज सकाळी वट्ट्यावर मला उभं करायचे आणि, "मूठ बंद! मूठ खोल! एक-दो!" समोरून जाणारे येणारे थांबून बघायचे. पंधरा दिवस मी ती कवायत केली. हात आणखी दुखायला लागला आणि गावाला करमणूक झाली.

ऑपरेशनचा विषय कुणीतरी काढलाच होता. पण मनगट चिरायचं म्हटलं की मी विषयच बदलायची. हात कामातून गेला तर? तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. "साबुदाण्यावानी गोळ्या देत्यात, ग्वाड लागत्यात. चिरायचं न्हाई, फाडायचं न्हाई." मला तेच ऐकायचं होतं.

डॉक्टर वयस्कर, दवाखाना वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, चढायला अरुंद जिना. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले. गोड आवडतं की तिखट? विजा कडाडल्या की भीती वाटते का? झोप कुठल्या कुशीवर? स्वप्नं कसली पडतात? मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. खरं सांगते, निम्मं बरं मला तिथंच वाटलं. माझ्या स्वप्नांबद्दल तोवर कुणी विचारलेलं नव्हतं. त्या सगळ्या प्रश्नांत कामाचाही प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी वर सांगितलं तसं दिलं.

गोळ्या मिळाल्या, पथ्य मिळालं: कच्चा कांदा बंद, कॉफी बंद, गोळीला हात लावायचा नाही, झाकणातून थेट जिभेवर. शिवाय झोपताना मनगटाला बांधायला एक कडक पट्टा, आणि बजावून सांगितलं की हाताला विश्रांती हवी. मी गोळ्या आणि कांदा तेवढं मनावर घेतलं. पट्टा गोठ्याच्या खुंटीला गेला. त्याचा उकाडा व्हायचा.

आणि गुण आला! महिन्याभरात मुंग्या कमी झाल्या. दोन महिन्यांत पहाटेची जागरणं थांबली. त्या दिवसांत दोन्ही म्हशी गाभण होत्या, आटलेल्या होत्या, चहाचं दूधसुद्धा जाऊबाईंकडून यायचं. मला मोकळा वेळ होता, तो मी गोळ्यांची जाहिरात करण्यात घालवला. गुडघे, मूळव्याध, केस गळणं, ज्याला जे असेल त्याला मी त्या जिन्यानं वर पाठवलं. चार बायका तर स्वतः एसटीत बसवून दिल्या.

मग थोरली व्याली. तीन आठवड्यांनी धाकटीही व्याली. खरवस झाला, गावात वाटला, आणि आठ दिवसांत माझ्या मुंग्या परत आल्या, पहिल्यापेक्षा जोरात.

आता कुणालाही वाटेल, बाईला कळलं असेल. नाही कळलं. मला आठवला कांदा. उसाला पाणी पाजायला गेलो होतो तेव्हा बांधावर पिठलं-भाकरीबरोबर मी बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला होता, चांगला अर्धा. झालं, सगळा आळ त्या कांद्यावर. मी कच्चा कांदा तर सोडलाच, फोडणीतलाही सोडला. मग वाटलं, घरात कुणी खाल्ला तर त्याचा वास लागत असेल, म्हणून मालकांचाही बंद केला. रविवारी मटणाच्या ताटाला कांदा नाही. मालक ताटाकडं असं बघत बसायचे की जणू शिक्षा लागलीय. माझा हात बरा व्हावा म्हणून त्या माणसानं सात-आठ महिने कांद्यावाचून मटण खाल्लं, आणि ते सगळं फुकट होतं.

या सात-आठ महिन्यांत मी डॉक्टरांकडं गेले नाही, गोळ्या तेवढ्या मागवत राहिले. पथ्य मोडलं म्हणून तोंड दाखवायची लाज वाटत होती. हात मात्र थांबला नाही. अंगठ्यातला जोर जायला लागला. कुलपात किल्ली फिरेना. धार काढताना अंगठा मुठीत दुमडून सडावर दाबावा लागतो. तो दाबेच ना. शेवटी मालकच म्हणाले, "चल. कांदा खाल्ला म्हून काय कोर्ट मार्शल करत्यात व्हय?"

डॉक्टरांपुढं बसून मी गुन्हा कबूल केला. "डॉक्टर, मी कांदा खाल्ला होता." ते हसले नाहीत, आधी माझे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी, तळवे वर करून ठेवायला सांगितले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा असतो तो होता. उजव्याचा बसला होता, सपाट झाला होता. मी रोज तो हात बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. डॉक्टर अंगठ्याचं पेर फिरवून बघत राहिले. तिथं एक जाड घट्टा होता.

"हा कशाचा?"

"धारा काढते त्याचा."

"किती म्हशी?"

"दोन."

"किती वर्षं?"

मी सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी मला एकच विचारलं, "मधे दोन महिने बरं वाटलं तेव्हा म्हशी दूध देत होत्या का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मालकांकडं. "आटल्या हुत्या," मालक म्हणाले. "गाभण हुत्या."

डॉक्टरांनी त्यानंतर जे केलं, त्यासाठी मी त्यांना जन्मभर हात जोडीन. ते म्हणाले, "ताई, तो गुण माझ्या गोळ्यांचा नव्हता. तुमच्या म्हशींचा होता. हाताला विश्रांती मिळाली म्हणून आराम पडला. आता नस दबून दबून स्नायू वाळायला लागलाय. इथून पुढं मी गोळ्या देत राहिलो तर तुमच्या हाताचं वाटोळं करीन. तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना? मग माझं ऐका, ऑपरेशन करून घ्या. लवकर."

मी अजून हटून बसले होते. म्हटलं, "पण तुमच्याकडं बायका येतात, मी पाठवलेल्या..." ते म्हणाले, "त्यांचं मी बघतो. तुम्ही सांगलीला जा." सांगलीत हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर बाई त्यांच्या माहितीतल्या. त्यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि त्या दिवशीची फी घेतली नाही. ज्या माणसाचं पोट गोळ्यांवर आहे, त्यानं समोरच्या भक्ताला सांगावं की माझ्या गोळ्या सोड, हे सोपं नसतं. आपल्याकडं चूक कबूल करणारा डॉक्टर भेटणं अवघड, आणि इथं तर चूक माझी होती.

गावात एसटीतून उतरल्यावर मालक म्हणाले, "सोमवारी सांगली."

मी म्हटलं, "आवं, थोरलीचं काय? ती आटंल. ऊस गेला की बघू."

"सुट्टीवर यायचो तवापास्नं बावीस वर्सं मी बघतोय तुला धारा काढताना," ते रस्त्यातच थांबून म्हणाले, "आन् डॉक्टरनं इचारलं तवा मी बी मान हालवली, घरीच असती म्हून. लाज वाटती मला. सोमवारी जायाचं."

मालकांच्या तोंडून लाज हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. घरी जाऊन मी सांगलीची पिशवी भरायला घेतली.

सांगलीत आधी नसांची तपासणी झाली. हाताला बारीक बारीक विजेचे झटके देतात आणि यंत्रावर रेघा उमटतात. मग डॉक्टर बाईंनी बोलावलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, बोलायला मोकळ्या. कुठून आलात विचारलं आणि म्हणाल्या, "मग खंबाटकीचा बोगदा बघितला असेल. मनगटात असाच एक बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि ही एक नस. त्या दोऱ्या सुजल्या की आत गर्दी होते, आणि नस चेंगरते. मी बोगद्याचं छप्पर कापून जागा मोकळी करणार. बस्स."

खंबाटकीत अडकायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मग मी विचारलं, जे इतके दिवस पोटात होतं ते: "हात पहिल्यासारखा होईल का?"

त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "मुंग्या जातील. स्पर्श बहुतेक परत येईल, पण सावकाश. किती येईल, ते मी आज सांगू शकत नाही. अंगठ्याचा वाळलेला स्नायू भरेलच असंही नाही. पण आणखी थांबलात तर जे आहे तेही जाईल."

ऑपरेशन जागेपणीच झालं. हात तेवढा बधिर केला, मध्ये हिरवा पडदा. कापताना दुखलं नाही, ओढल्यासारखं तेवढं वाटलं. नर्सबाई माझ्याशी म्हशीच्या दुधाच्या भावावर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपायच्या आत टाकेही घालून झाले. एवढ्याशा गोष्टीला मी वर्षानुवर्षं घाबरले होते. संध्याकाळी घरी सोडलं, जाड पट्टी बांधून, हात वर धरून. दोन आठवड्यांनी टाके काढायला यायचं, आणि ताकीद एकच: दीड महिना धार नाही, बादली नाही, पिळणं नाही.

डॉक्टर बाईंचं ताकीद देणं सोपं होतं. थोरलीला कोण सांगणार?

सांगलीला गेलो त्या दिवशी जाऊबाईंनी धाकटीचं दूध काढलं होतं, थोरलीनं त्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक बसले. थोरलीनं पाय झाडला, चरवी भिंतीवर गेली. रेडकू लावलं, आंबोण पुढं ठेवलं, पाठीवर हात फिरवला. पेलाभर दूध निघालं. कास गच्च भरलेली, म्हैस कासावीस, आणि मी दारात हात वर धरून उभी, परीक्षेत उत्तर येत असलेल्या पोरासारखी. दोनदा पुढं झाले. दोन्ही वेळा मालक ओरडले, "पाठीमागं हो!"

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "आवं भावजी, तिचं लुगडं गुंडाळा की अंगाला. म्हस वासाला वळाखती."

ही आमच्याकडची जुनी युक्ती. बाईच्या हाताची म्हैस असली आणि बाई माहेरी गेली की गडी लुगडं नेसून धारेला बसतो, हे मी लहानपणी ऐकलं होतं. पण हवालदार? मिशी पिळलेला माणूस, झेंडावंदनाला गणवेशाला इस्त्री करणारा? मला वाटलं, आता जाऊबाईंचं काही खरं नाही. मालकांनी थोडा वेळ म्हशीकडं बघितलं. मग घरात गेले, दोरीवरचं माझं कालचं, न धुतलेलं हिरवं पातळ काढलं, पँटवरूनच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि चरवी उचलली. "कुणी हसायचं न्हाई," अशी ऑर्डर सोडली.

जाऊबाई पदरात तोंड घालून बाहेर पळाल्या. मी हसले नाही. मला रडायला येत होतं. थोरलीनं पातळ हुंगलं, मिशीकडं संशयानं बघितलं, बराच वेळ विचार केला आणि पान्हा सोडला.

मग ते रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ हवालदार पातळ नेसायचे. पहिल्या आठवड्यात पोरं कुडाच्या फटीतून बघायला यायची. मालकांनी त्यांना आत बोलावून नीट बघू दिलं, तशी त्यांची मजा गेली. रात्री जेवताना ते स्वतःची मनगटं चोळत बसत. एकदा म्हणाले, "लय दुखतं गं. तू कसं काढलंस?" मी म्हटलं, "घरीच असायची, त्यामुळं जमलं." ते खो-खो हसले.

टाके निघाल्यावर साताऱ्याच्या डॉक्टरांना कंदी पेढे घेऊन गेले. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला, जखम बघून सांगलीच्या बाईंचं कौतुक केलं आणि म्हणाले, "आता कांदा खा. दोघांनी खा." मालक त्या रविवारी तीन कांदे एकट्यानं संपवून उठले.

पहाटेच्या मुंग्या ऑपरेशनच्या पहिल्या दिवसापासूनच गेल्या होत्या. बधिरपणा मात्र होता. मी रोज अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासून बघायची, पातळाचा काठ चाचपायची. हातमोजा घातल्यासारखं लागायचं. आज थोडं कळलं, असं वाटायचं, उद्या वाटायचं, नाही, मनाचे खेळ. सहा आठवडे मी असे काढले. एवढंच येणार असेल तर एवढ्यावर भागवायचं, अशी मनाची तयारीही केली होती.

दीड महिना झाला त्या सकाळी मी चरवी घेतली. मालक म्हणाले, "थोडीच काढ, नुसती सवय म्हून." मी थोरलीजवळ बसले. तिच्या कासेवर पाणी मारलं, सडाला हात लावला, नेहमीसारखं तिच्याशी बोलले. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पाय उचलला. दूध नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही. ती दाराकडं बघत होती. दारात मालक माझं पातळ हातात घेऊन उभे होते, ते गुंडाळून जवळ आले, आणि त्यांचा हात लागायच्या आधीच थोरलीनं पान्हा सोडला.

एवढ्या वर्षांत मला ज्याची सगळ्यात जास्त भीती होती, ते असं माझ्या समोर झालं. मग मालकांच्या मुठीतून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत उभी राहिले, आणि खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. माझ्यावाचून म्हैस आटली नाही. घर थांबलं नाही. आणि म्हैस आटली तर आटू दे म्हणून हा माणूस मला सांगलीला घेऊन गेला होता. बावीस वर्षं मी चरवीला धरून बसले होते, त्याची गरजच नव्हती.

"जा, वट्ट्यावर बस," मालक धार न थांबवता म्हणाले. "च्या घे."

वट्ट्यावर जाऊबाई आमचा चहा घेऊन आल्या होत्या. चुलीवरचा उकळता चहा, स्टीलचा पेला. मी बसले आणि उजव्या हातानं पेला उचलला. असा चटका बसला की पेला सुटून अंगणात गेला आणि मी ओरडले.

जाऊबाई घाबरल्या. "अगं बया, भाजलं का?"

"व्हय," मी म्हटलं, "भाजलं! जाऊबाई, मला भाजलं!" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

मालक तसेच बाहेर धावत आले, डोक्यावर पदर, हात दुधानं ओले. माझा हात हातात घेऊन विचारायला लागले, "कुठं? कुठं भाजलं?"

मी एकेक बोट त्यांच्यापुढं धरलं. "हितं. आन् हितं. आन् हितं बी."